बटाटा आणि तोंडीलावणं: आयर्लंडच्या खेड्यात पूर्वी रोज काय जेवायचे?

शेगडीवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बाहेर धो धो पाऊस आणि कामाला सुट्टी, तेव्हा बसलेच.

मी राहते आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यात, एनिसपासून थोडं आत खेड्यात. शेजारी एक आजी आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, आख्खं आयुष्य इथेच गेलेलं. मागे एकदा मी त्यांना बटाटेवडे नेऊन दिले. एक खाल्ला, मान डोलावली आणि म्हणाल्या, छान आहे गं, पण हे 'किचन' झालं, याच्याबरोबर बटाटे कुठायत? मी बघतच राहिले. किचन म्हणजे स्वयंपाकघर ना? मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजीच्या वेळी बटाटा म्हणजे जेवण, आणि त्याच्यासोबत जे काही घोटभर, चिमूटभर मिळेल ते 'किचन'. ताक, कांदा, खारवलेला मासा, काहीच नसेल तर मिठाचं पाणी. आयरिश भाषेत त्याला अनलन म्हणतात. म्हणजे चक्क आपलं तोंडीलावणं की हो! आपल्याकडे भाकरी आणि ठेचा, तिकडे बटाटा आणि अनलन.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे गेले की हाच विषय काढते.

आता जेवण कसं व्हायचं ते ऐका. चुलीवर, म्हणजे उघड्या शेकोटीवर, तीन पायांचं बिडाचं काळंकुट्ट भांडं. जळण म्हणजे टर्फ, दलदलीतून विटांसारखं कापून उन्हावाऱ्यात वाळवलेलं, दिसायला गोवरीची चुलत बहीणच. बटाटे सालासकट उकडायचे. शिजले की सगळं भांडं दाराबाहेर नेऊन एका उथळ टोपलीत ओतायचं, पाणी निथळून जाणार. विलोच्या फोकांची ही टोपली, तिला स्किब म्हणतात. मग ती टोपली तशीच त्या रिकाम्या भांड्यावर ठेवायची, झालं टेबल! सगळी मंडळी बुटक्या स्टुलांवर भोवती बसणार, मध्ये ताकाचा मग नाहीतर मिठाच्या पाण्याची वाटी, आणि हाताने खायचं. साल अंगठ्याच्या नखाने काढायचं, त्यासाठी काही जण अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवत. सालं परत टोपलीतच टाकायची, ती जाणार कोंबड्यांना आणि डुकराला. भांडी घासायची म्हणजे एक मग, संपलं. (मला हे ऐकून जरा हेवाच वाटला.)

ही पद्धत गरिबांच्या घरची, मुख्यतः १८०० नंतरची. सकाळी बटाटे, दुपारी बटाटे, रात्री बटाटे. अंगमेहनत करणारा गडी दिवसाला १२ ते १४ पौंड बटाटे खायचा, म्हणजे साडेपाच-सहा किलो. आणि एक गंमत, कामाला जायचं असेल तर बटाटा मुद्दाम पूर्ण शिजवायचा नाही, आत थोडा कच्चट ठेवायचा. त्याला बटाट्यात 'हाड' ठेवणं म्हणतात. हाडवाला बटाटा पोटात जास्त वेळ टिकतो.

अजून पुष्कळ आहे पण आधी बघते कुणाला इंटरेस्ट आहे का.

निवांत बापू

इंटरेस्ट आहे म्हणजे काय, लिहा लिहा. पण ते साडेपाच किलो टायपो आहे ना? साडेपाच किलो बटाटे आमच्या घरात महिनाभर जातात, त्यात दोन एकादश्या धरून.

शेगडीवाली

टायपो नाही बापू. मीही दोनदा विचारलं. बटाट्यात ऐंशी टक्के तर पाणी असतं. दिवसभर फावडं मारणाऱ्या माणसाला चार हजार कॅलरी लागणारच, आणि घरात दुसरं काही नाहीच, ना भाकरी ना डाळ, तर तेवढा बटाटा होतोच. आपला शेतमजूर पूर्वी एका बैठकीला किती भाकऱ्या खायचा ते आठवा.

आणि बटाटा अधिक ताक हा आहार दिसायला दरिद्री असला तरी अंगाला लागणारा होता. बटाट्यात सी जीवनसत्त्व, ताकात प्रथिनं, कॅल्शियम. त्या काळात आलेले प्रवासी लिहून गेलेत की अंगावर चिंध्या आहेत, झोपडीला खिडकी नाही, पण माणसं मात्र धडधाकट.

टवाळ कार्टा

बटाटा तोंडी लावून बटाटा खायचा. नवऱ्याला डब्यात देऊन बघतो... सॉरी, मीच नवरा आहे.

ताकपिऊ

@शेगडीवाली, ताकाचं सविस्तर लिहा ना. ताक होतं म्हणजे लोणी पण असणार, मग बटाट्यावर लोणी घालून नाही का खायचे?

शेगडीवाली

घाव बरोबर वर्मी घातलात. लोणी असायचं, पण खायला नाही, विकायला. खंड त्यावर निघायचा. आपल्याकडे दूध डेअरीला आणि पोरांना काळा चहा, तसंच.

दक्षिणेला कॉर्क शहरात १७७० साली लोण्याचा मोठा बाजार सुरू झाला, एकोणिसाव्या शतकात जगातला सगळ्यात मोठा लोणीबाजार म्हणून त्याचं नाव होतं. खेड्यापाड्यातनं खारं लोणी फर्किन नावाच्या लाकडी पिंपात भरून, एकेक साधारण २५ किलोचं, घोड्यावर नाहीतर गाडीत लादून तिकडे जायचं. त्यासाठी बांधलेल्या रस्त्यांना अजून बटर रोड म्हणतात. तिथे लोणी हुंगून, चाखून प्रतवारी ठरायची आणि मग ते जहाजाने दूर देशी रवाना. बाजार १९२४ ला बंद पडला, आता तिथे म्युझियम आहे, मी जाऊन आलेय. तर लोणी गेलं बाजारात आणि घरात राहिलं ताक.

घुसळण्याच्या श्रद्धा तर विचारू नका. उभं लाकडी पिंप आणि त्यात वरखाली करायचा दांडा, आपल्यासारखी दोरीची रवी नाही. लोणी काढणं चालू असताना कुणी दारात आलं तर त्याने 'देव या कामाला यश देवो' म्हणायचं आणि दोन हात तरी दांडा मारायचाच. न मारता गेला तर तो लोणी नेणार. १ मे ला तर घरातला विस्तव, दूध, मीठ काही काही बाहेर द्यायचं नाही, दिलं की वर्षभराचं लोणी त्याच्यामागे गेलं. आजी सांगतात की त्यांच्या आईने एकदा असल्या दिवशी विस्तव मागायला आलेल्या बाईला दारातनंच परत पाठवलं होतं आणि मग संध्याकाळपर्यंत स्वतःच रडत बसली, की बिचारीच्या घरात चूल नसेल पेटली.

इतिहासवेडी

धागा मस्त. थोडी भर घालते.

आयर्लंड म्हटलं की बटाटा हे समीकरण फार जुनं नाहीये. बटाटा तिकडे पोचला सोळाव्या शतकाच्या शेवटाला आणि गरिबाचं सगळं ताट व्यापायला त्याला अठरावं शतक संपत आलं. त्याआधी हजार वर्षं तरी तो देश दुधावर आणि ओटवर जगलाय. दूध, दही, ताक, लोणी, चीज या सगळ्याला मिळून त्यांच्या भाषेत 'पांढरं अन्न' असा शब्दच आहे. गाय हीच संपत्ती, लढाया गाई पळवण्यावरून. उन्हाळ्यात घरातल्या तरुण पोरी गुरं घेऊन डोंगरावर जायच्या, तिथेच झोपड्या करून राहायच्या आणि लोणी काढून साठवायच्या, त्या जागेला बूली म्हणतात. लोणी दलदलीत पुरून ठेवत, आजही टर्फ कापताना शेकडो वर्षांपूर्वीच्या लाकडी भांड्यात ते सापडतं, मेणासारखं झालेलं.

मग गाय-दुधावरचा माणूस बटाट्यावर का आला? जमीन. जमीनदार लांब इंग्लंडात, मधे दलाल, खालच्या माणसाला एखादा एकराचा तुकडा, तोही मजुरीच्या बदल्यात. एवढ्याशा ओल्या, खडकाळ जमिनीत सहा माणसांचं कुटुंब जगवेल असं दुसरं पीकच नव्हतं. त्यातही गरिबाचा बटाटा म्हणजे लंपर नावाची जात. पाणचट, बेचव, पण कसल्याही मातीत भरमसाट येणारी.

आणि लंपर लावायचा तो बटाट्याचेच तुकडे करून, म्हणजे शेतं न् शेतं एकाच झाडाची नक्कल. १८४५ मध्ये करपा आला तेव्हा पिकाचा मोठा हिस्सा गेला, आणि १८४६ मध्ये तर जवळपास सगळंच. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाख ७५ हजार लोक, १८५१ ला साडेपासष्ट लाख. दहा लाखांच्या आसपास मेले, तेवढेच किंवा जास्तच जहाजात बसून गेले. आणि त्याच वर्षांत बंदरातून धान्य आणि लोणी बाहेर जातच होतं.

निवांत बापू

इतिहासवेडी, हा करपा म्हणजे आपल्याकडे टोमॅटो-बटाट्यावर ढगाळ हवेत येतो तोच का?

इतिहासवेडी

होय, तोच. उशिरा येणारा करपा. मंचर-खेडकडच्या बटाटेवाल्यांना विचारा, ढग भरून आले की झोप उडते. आपल्याकडे आता फवारणी आहे, त्यांच्याकडे काहीच नव्हतं, रात्रीत पानं काळी पडून दुसऱ्या दिवशी शेताला कुजका वास.

भटकी सांज

मी वाचलंय की तेव्हा सरकारने भारतातून धान्य मागवून वाटलं, 'इंडियन मील' म्हणून. म्हणजे आपल्याकडचं धान्य तिकडे गेलं होतं?

इतिहासवेडी

नाही नाही, हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. ते इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, धान्य म्हणजे मका. ब्रिटिश पंतप्रधान पीलने १८४५ च्या शेवटी एक लाख पौंडांचा मका अमेरिकेतून मागवला. तो इतका कडक की दोनदा दळावा लागायचा, आणि कसा शिजवायचा हे कुणाला माहीत नाही. अर्धवट शिजवून खाल्लेल्यांची पोटं बिघडली, लोक त्याला 'पीलचं गंधक' म्हणायला लागले, रंग पिवळा म्हणून.

भारताचा खरा संबंध वेगळा आहे, कलकत्त्यात कंपनी सरकारच्या नोकरीत आणि फौजेत आयरिश माणसं भरपूर होती, तिथून सुरुवातीलाच वर्गणी गोळा होऊन १४,००० पौंड गेले होते.

शेगडीवाली

आणि तो पिवळा मका मग घरात राहूनच गेला! आजींच्या लहानपणीसुद्धा पिवळ्या पिठाची लापशी आणि भाकरीसारखी जाड पोळी असायची. त्यांना आवडायची नाही. म्हणतात, आम्ही निम्मी कोंबड्यांना टाकायचो आणि आई ओरडायची की याच्यावर तुझा पणजा जगला.

आणि भूक काही फक्त त्या मोठ्या दुष्काळातच नव्हती. त्याच्या आधी, चांगल्या वर्षीसुद्धा, जून-जुलैमध्ये जुने बटाटे संपायचे आणि नवे ऑगस्टपर्यंत यायचे नाहीत. त्या महिन्याला 'कोबीचा जुलै' म्हणतात कारण परसातला कोबी आणि रानातली खाजकुयलीसारखी नेटल नावाची पाल्याची भाजी एवढंच. शेतकऱ्याकडून ओटचं पीठ उधारीवर घ्यायचं, पुढे फेडायचं. आपल्याकडे भाताच्या गावात आषाढ-श्रावण कसा जायचा ते जुन्या बायकांना विचारा, शब्द न् शब्द जुळेल.

कोकणचा मेवा

समुद्रकाठी राहणाऱ्यांचं काय? मासे मुबलक असतील तर बटाट्यावर कशाला जगायचं?

गॉलवेकर

मी लिहितो, मी गॉलवेला आहे. मेवासाहेब, हा प्रश्न इथे सगळेच विचारतात. पश्चिम किनारा म्हणजे अटलांटिक, कोकणातल्या खाडीसारखं नाही. गरिबाकडे असायची ती कातड्याची किंवा डांबर लावलेल्या कापडाची हलकी होडी, तिने वादळी समुद्रात कितीसं लांब जाणार. जाळी, मीठ विकत. तरी हेरिंग, मॅकरेल खारवून ठेवत, लिंग नावाचा लांबडा मासा वाळवत. आपल्या सुक्या बांगड्यासारखंच. एक हेरिंग चार जणांत, बटाट्याला लावून लावून. 'बटाटा आणि दाखव' असा एक जुना विनोद आहे: वर आढ्याला मासा नाहीतर मांसाचा तुकडा टांगलेला, प्रत्येकाने बटाटा त्याच्याकडे दाखवायचा आणि खायचा. चव डोळ्यांनी.

खडकावरचं मात्र बरंच गोळा करायचे. शिंपल्या, पेरीविंकल म्हणजे छोट्या गोगलगायीसारखे, लिंपेट म्हणजे खडकाला चिकटलेले. डलिस्क नावाचं तांबडं शेवाळ वाळवून नुसतं चघळायचं, जत्रेत अजून विकायला असतं. कॅरागीन शेवाळ दुधात उकळलं की घट्ट होतं, आपली चायना ग्रास पुडिंगच म्हणा, खोकल्यावर देतात. लिंपेट मात्र अगदी गरिबाचं लक्षण मानलं जायचं. आयरिशमध्ये म्हण आहे, दारूच्या गुत्त्यापासून लांब राहा नाहीतर लिंपेट खाऊन जगावं लागेल.

आरान बेटांवर तर माती पण नाही हो. नुसता चुनखडीचा खडक. फटी बुजवायच्या, वर वाळू, वर समुद्री शेवाळ, असं थरावर थर टाकून माणसांनी हाताने माती केली आणि त्यात बटाटे लावले. मी पाहिलीत ती शेतं, दगडी गडग्यांनी वेढलेली, आपल्या अंगणाएवढी एकेक.

कोकणचा मेवा

गडगे! बरं वाटलं वाचून. गुत्त्याची म्हण वहीत लिहून ठेवली.

टवाळ कार्टा

एवढं सगळं वाचून उदास वाटायला लागलं राव. या लोकांकडे सणवार नव्हते का? काही तळलेलं, गोडधोड?

शेगडीवाली

होते की. हॅलोविनची रात्र म्हणजे मूळची त्यांचीच, त्या दिवशी मांस वर्ज्य, मग बटाटे कुस्करून त्यात केल किंवा कोबी, कांद्याची पात, दूध घालून कॉलकॅनन करायचे. ढीग रचायचा, मध्ये खळगा आणि खळग्यात लोणी, त्या दिवशी मात्र स्वतःच्या घरचं! प्रत्येकाने कडेने चमचा भरून लोण्यात बुडवून खायचं. आत अंगठी लपवलेली, जिला सापडेल तिचं वर्षात लग्न. बॉक्स्टी म्हणून कच्च्या किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ असतं, खरंच थालीपीठच, मी त्यात जिरं-मिरची घालते आणि आजींना चालतं. ईस्टरआधी चाळीस दिवस कडक उपवास, पूर्वी अंडं, दूध, लोणी सगळं बंद, काळा चहा. म्हणून त्याच्या आदल्या दिवशी घरातली अंडी-दूध संपवायला पॅनकेक, आणि ईस्टरच्या सकाळी पोरं किती अंडी खातात याची शर्यत. गाय व्याली की चिकाचं दूध, त्याला बीस्टिंग्ज म्हणतात, त्याचंही करायचे. खरवस म्हटल्यावर आजींना मी फोटो दाखवला तर त्यात वेलची कशाला म्हणाल्या.

आणि डुक्कर. वर्षाला एक पोसायचं, त्याला 'खंड भरणारे साहेब' म्हणायचे, कारण गरिबाचं डुक्कर विकलंच जायचं. जरा बरी परिस्थिती असलेल्या घरी हिवाळ्यात कापायचे. तो दिवस आजींना लख्ख आठवतो. फ्रीज नाही, मग ताजं मांस आणि रक्ताची पुडिंगं पोरांच्या हाती शेजारीपाजारी पाठवायची, त्यांचं कापलं की ते पाठवणार, म्हणजे महिनाभर सगळ्या वाडीला थोडं थोडं ताजं. बाकी मिठात पिंपात. मूत्राशय फुगवून पोरांचा फुटबॉल.

चुलीवरची

शेजारी पाठवायचं वाचून आमच्याकडची पुरणपोळीची ताटं आठवली. शेतीच्या कामात एकमेकांना मदत करायची पद्धत होती का? आमच्याकडे इर्जिक घालायचे, घरमालकाने सगळ्यांना जेवू घालायचं.

शेगडीवाली

चुलीवरची, अगदी तेच! मेहल म्हणतात. मळणीचं यंत्र गावात एकच, आज याच्याकडे उद्या त्याच्याकडे, वीस-पंचवीस गडी. त्या दिवशी घरच्या बाईची परीक्षा. बेकन, कोबी, बटाट्यांचे डोंगर, दुकानातला पांढरा पाव आणि काळ्या पोर्टर बीअरचं पिंप. कुणाकडे मांस जाड कापलं आणि कुणी पातळ, हे वर्षभर बोललं जायचं. आपल्याकडच्या लग्नात पंगतीचं होतं तसंच.

दुकानचा पाव म्हणजे प्रतिष्ठा हं. गावात पाळीपाळीने एकेका घरी पाद्री येऊन मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, म्हणतो, त्याला स्टेशन म्हणतात, अजून काही गावात चालतं. त्या आधी घराला चुना, नवे कप, आणि पाद्रीबाबांना नाश्त्याला उकडलेली अंडी आणि दुकानचा पाव. घरचा सोडा ब्रेड समोर ठेवायची लाज. आता तोच सोडा ब्रेड हॉटेलात सहा युरोला दोन चकत्या.

बेकरीण

आला बाई सोडा ब्रेड! मी वाटच बघत होते. यीस्ट का नाही वापरत ते? आणि कृती द्या.

शेगडीवाली

इथला गहू मऊ, ग्लुटेन कमी, यीस्टने नीट फुगत नाही. खायचा सोडा साधारण १८३०-४० नंतर मिळायला लागला आणि ताक तर घरोघरी, सोडा आणि आंबट ताक एकत्र आलं की फसफसतं, काम झालं. भट्टीची गरज नाही. बॅस्टिबल नावाचं सपाट बुडाचं बिडाचं भांडं, त्यात गोळा ठेवायचा, झाकण लावायचं आणि झाकणावर टर्फचे निखारे. वरखाली विस्तव. आपल्याकडे केक असाच करतात ना जुन्या बायका.

आजींना मी करताना पाहिलंय, आता ओव्हनमध्ये करतात पण हात तोच. परातीत पीठ, मीठ, चिमूट सोडा तळहातावर चोळून गुठळ्या मोडलेला. मध्ये खळगा, ताक एकदम ओतलं, आणि बोटं फाकवून हाताचा पंजा गोल गोल फिरवला, सात-आठ वेळा, बस. मळलं नाही! गोळा ओट्यावर टाकून थोपटला, सुरीने वर खोल फुली मारली, चारही टोकांना सुरीचं टोक टोचलं. मी विचारलं हे कशाला तर म्हणाल्या पऱ्यांना बाहेर जायला. मग डोळा मारला आणि म्हणाल्या, मध्ये कच्चा राहू नये म्हणून गं.

बुडाला टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा. मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा, नाहीतर वरचा पापुद्रा दगड.

भटकी सांज

चहा कधीपासून? आयरिश लोक चहाबाज असतात ना?

शेगडीवाली

चहा खेड्यात शिरला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि मग हटलाच नाही. घरची कोंबडी-अंडी बायकांची, दारावर येणाऱ्या गाडीवाल्याला अंडी द्यायची, बदल्यात चहा, साखर. नवऱ्याला हिशोब नाही! चहा कसा तर निखाऱ्याजवळ किटली तासभर ठेवून काळा कुळकुळीत. पोरांना 'गुडी', म्हणजे गरम दुधात पाव कुस्करून साखर.

दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होतं, त्या काळाला ते 'इमर्जन्सी' म्हणतात (आपली वेगळी). १९४१ मध्ये चहाचं रेशन माणशी आठवड्याला अर्धा औंस, जेमतेम १४ ग्रॅम! आजी पाच वर्षांच्या. त्यांची आई वापरलेली पत्ती चुलीशेजारी वाळवायची, परत उकळायची, परत वाळवायची. डँडेलियनची मुळं भाजून त्याचा काढा करायचे. आजींच्या वडिलांनी तो एकदा प्यायला आणि मग युद्ध संपेपर्यंत दूध घेतलं.

इतिहासवेडी

शेगडीवाली, या आजींच्या पिढीच्या थोडं आधीच्या पोरांनी एक मोठं काम केलंय. १९३७ ते ३९ मध्ये तिथल्या लोककथा आयोगाने जवळपास ५,००० प्राथमिक शाळांतल्या मोठ्या मुलांना सांगितलं, घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि वहीत लिहून आणा. त्यात एक विषय होता जुन्या काळचं जेवण. त्या वह्या आता ऑनलाइन आहेत, मुलांच्या अक्षरात. वाचत बसलं की वेळ जातो, दर दुसऱ्या पानावर तेच, बटाटे, ताक, ओटची लापशी, आणि नाताळ-ईस्टरला मांस. आपल्याकडे कुणी असं करायला हवं होतं.

शेगडीवाली

अगं हो, त्यात इथल्या शाळेची वही पण आहे! आजींना टॅबवर वाचून दाखवली. एका पानावर थांबवलं मला, म्हणाल्या हा माझ्या थोरल्या भावाचा दोस्त, खोटारडा, याच्या घरी कधी मांस नव्हतं.

बेकरीण

रिपोर्ट देते. केला सोडा ब्रेड. वीट झाली. खलबत्त्याऐवजी वापरता येईल. मी आशीर्वाद आटा, घरचं ताक, सोडा सगळं मापात घेतलं, दहा मिनिटं छान मळलं...

शेगडीवाली

मळलंस! आजींना वाचून दाखवलं तर म्हणतात, तिला सांग ते पीठ आहे, नवरा नाही. सैलसर राहू दे, हाताला चिकटलं पाहिजे. कणकेत अर्धा मैदा घाल आणि ताक खूप पातळ असेल तर वरचं पाणी काढ.

टवाळ कार्टा

माझाही रिपोर्ट. रविवारी प्रयोग केला, दिवसभर फक्त उकडलेले बटाटे, मीठ आणि ताक. नखाने सोलले. सकाळी मजा आली, दुपारी बायको समोर बसून आमटी भात जेवली तेव्हा बटाटा तिच्या वाटीकडे दाखवून खाल्ला. संध्याकाळी वजन केलं, एकूण १ किलो ७०० ग्रॅम. त्याच्यापुढे एक घास जाईना. हाड ठेवायला विसरलो, नाहीतर अजून कमी गेले असते. उरलेल्या तीन किलोंचे सोमवारी वडे, मंगळवारी पराठे, आज काचऱ्या. घरात माझ्याशी कुणी बोलत नाहीये.